बारामतीच्या बागेतला 'हमिंगबर्ड' आणि बेट्सची चूक

एप्रिल-मे आला की बारामती-इंदापूरकडून कुणीतरी व्हिडिओ पाठवतंच: "बघ, आमच्या बागेत हमिंगबर्ड आलाय!" पेंटासच्या फुलापुढे हवेत थांबलेला, पंख दिसूही नयेत इतक्या वेगाने हलवणारा जीव. तुम्हीही पाहिला असेल. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडचा हा हॉक मॉथ, म्हणजे पतंग. अंग हिरवट आणि पंख काचेसारखे असतील, तर बहुधा सेफोनोडिस हायलस. लिनियसने १७७१ मध्येच त्याला नाव दिलं. कोशातून बाहेर येताना त्याच्या पंखांवर खवले असतात, पहिल्याच उड्डाणात ते झडून जातात.

पाठवणाऱ्याला हसू नका. हेन्री बेट्स हा मुरलेला निसर्गअभ्यासक. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात त्याने पक्षी समजून कित्येकदा असाच पतंग बंदुकीने पाडला. उडताना दोघांतला फरक कळायला त्याला बरेच दिवस लागले. पतंगाचाच पुढे हमिंगबर्ड होतो, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. हे सगळं त्याने १८६३ च्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलं. चूक लपवली असती, तर आज आपल्याला हे उदाहरण मिळालं नसतं.

आता आपल्याजवळचं उदाहरण. टी. आर. बेल हे मुंबई इलाख्यातले वन अधिकारी, मुक्काम कारवार. त्यांनी अळ्या पाळल्या, त्या कोणत्या झाडाची पानं खातात ते नोंदवलं. एफ. बी. स्कॉट यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा हॉक मॉथवरचा खंड १९३७ मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत आला. म्हणजे तुमच्यासाठी 'दुर्मिळ' असलेला जीव नोंदींत जुनाच असू शकतो. 'दुर्मिळ' लिहिण्याआधी जुने खंड उघडा.

मग आपण करायचं काय? बेल यांचा कारवार भरपूर पावसाचा. आपला भाग कोरडा, कालव्यावर जगणारा. तिथली नोंद इथे जशीच्या तशी लावता येत नाही. इथली नोंद इथेच करावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी बाजूने फोटो घ्या. डोक्यावर मिशा, म्हणजे शृंगिका दिसल्या तर तो पक्षी नाही. तारीख, वेळ, गाव, फुलाचं नाव लिहा. आणि बागेत अनंताचं झाड असेल तर पानं उलटून बघा. शेपटाकडे शिंग असलेली अळी सापडली, तर फोटो काढा आणि झाडाचं नावही लिहा. ओळख चुकली तरी नोंद खोडू नका. शेजारी दुरुस्ती लिहा.