रक्ताचे पाट कसे दिसूं लागले

अर्धापूरकडील केळीच्या बागेंत पाणी सोडलें, कीं पाट कोठें फुटला, कोठें तुंबला, हें कळतें. देहांतील रक्ताचे पाट मात्र जिवंतपणीं दिसत नसत. १८९५ मध्यें रोंटगेन यांनीं क्ष-किरण शोधले. त्यांत हाड उमटे, रक्तवाहिनी उमटत नसे. १८९६ च्या जानेवारींत व्हिएन्नाच्या हाशेक व लिंडेनथाल यांनीं छेदून वेगळ्या केलेल्या हाताच्या वाहिन्यांत चुना, हिंगूळ व खनिज तेल भरून त्यांचें जाळें चित्रांत आणलें. जिवंत माणसाला हें मिश्रण मारकच होतें.

१९२७ मध्यें लिस्बनच्या एगास मोनिझ यांनीं मेंदूकडे जाणाऱ्या धमनींत प्रथम स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडचा द्राव सोडला. एक रोगी दगावला. तेव्हां त्यांनीं सोडियम आयोडाइड घेतलें, आणि त्याच वर्षीं जिवंत मेंदूंतील धमन्या चित्रांत दिसल्या.

धमन्यांची ठेवण सर्वांची सारखी नसते. कोणाची एखादी शाखा बारीक असते, कोणास ती मुळींच नसते. हा जन्मजात भेद होय, रोग नव्हे. फुगवटा किंवा अडथळा हा मात्र रोग. शस्त्र उचलण्यापूर्वीं हा विवेक करणें अशा चित्रांमुळें शक्य झालें. पुढें द्राव पुष्कळ निर्धोक झाले. परंतु या विद्येची किंमत प्रथम रोग्यांनीं मोजली, हें विसरतां येत नाहीं.