पपईचा चीक, घोड्याचे रक्त

दिवाळी होते न होते तोच आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. पहाटेच्या अंधारात पाचटात हात घालावा आणि घोणस डसावी, हे त्यांना नवे नाही. अशा वेळी जीव वाचवणाऱ्या बाटलीचा इतिहास, श्रोतेहो, थेट संधिवाताच्या नव्या औषधापर्यंत जातो.

परके विष अंगात शिरले की शरीर त्याला पकडणारी प्रतिद्रव्ये घडवते. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तातून ती काढायची, ही १८९० नंतरच्या दशकातली युक्ती. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेने हे काम केले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच लस.

पण घोड्याचा रक्तरस माणसाच्या शरीराला परकाच. विषातून वाचलेला रोगी आठवड्याभराने ताप, पुरळ, सांधेदुखी यांनी बेजार होई. १९०५ साली व्हिएन्नात पिर्के आणि शिक यांनी हा शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचाच बिघाड असल्याचे दाखवले. औषधच दुखणे होऊन बसले!

प्रतिद्रव्याला दोन हात आणि एक शेपूट असते. विष धरतात ते हात; शेपूट बाकीच्या संरक्षक फौजेला हाक घालते. जठरातल्या पेप्सिनने शेपूट पचवून टाकता येते, हात शाबूत राहतात. आपल्याकडची सर्पदंशाची लस याच तुकड्यांची असते. १९५९ साली लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी पपईच्या चिकातल्या पपेनने प्रतिद्रव्याचे तीन तुकडे केले आणि त्याची रचना उलगडू लागली. मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्ची पपई लावतो, तोच हा गुण! १९७२ साली एडलमन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

मग याच तुकड्यांकडे संरक्षणव्यवस्थेचे बिघाड सुधारण्याचे काम आले. संधिवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठते. तिथे दाह पेटवणारा पदार्थ धरून ठेवणारा एकच हात, सर्टोलिझुमॅब, २००९ साली अमेरिकेत संधिवातासाठी मान्य झाला. १९९३ साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी उंटाच्या रक्तातली निराळी प्रतिद्रव्ये जाहीर केली. त्यांचा पकडणारा तुकडा अख्ख्या प्रतिद्रव्याच्या दशांशाएवढा. त्याच जातीचे कॅप्लासिझुमॅब २०१८ साली युरोपात, स्वतःच्याच प्रतिद्रव्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या एका दुर्मिळ रोगासाठी मान्य झाले.

आपली घोड्याची लस मात्र अजून तीच आहे. शेपूट काढूनही कधी कधी रोग्याला ती बाधते, म्हणून डॉक्टर ॲड्रेनालिन हाताशी ठेवतात. ते झाडाखाली होत नाही. उचलीचा हिशेब मुकादमाशी बोलताना आम्ही म्हणूनच आणखी एक प्रश्न विचारतो : फडापासून ही लस असलेला दवाखाना किती लांब, आणि रात्री तिथे न्यायला गाडी कोणाची?