करवत आणि पाचर

'करवत' हा शब्द संस्कृत 'करपत्र'वरून आला. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पान, पाते. मराठीने या हत्याराला काशीकरवतीपासून करवतकाठी लुगड्यापर्यंत दूरवर फिरवले, तरी नावातला हात सुटला नाही. आज मालवण-कुडाळकडचा सुतार 'टेबल सॉ' घ्यायला निघतो, म्हणजे मेजातून वर आलेले गोल पाते विजेवर फिरवणारी आणि दोघांनी उचलून नेता येणारी करवत. तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न किमतीचा आणि वॅटचा भासतो. वस्तुतः तो हाताचा आहे, आणि इतिहास पाहिल्यावाचून तो नीट मांडता येत नाही.

यंत्रापूर्वी करवत लाकडाकडे जात असे. गिर्ये येथे विजयदुर्गाच्या आरमारासाठी गोदी होती. तेथे काय किंवा एखाद्या घराच्या खळ्यात काय, ओंडका उंचावर ठेवून एक गडी वर आणि एक खाली असे दोघे मिळून तो चिरत. वरच्याने सूत धरून मारलेली रेघ सांभाळायची, खालच्याने ओढायचे. 'सुतार' हा शब्दही 'सूत्रधार'वरूनच आला आहे. लाकूड ओले असले की चिरलेल्या फळ्या पुन्हा एकमेकींकडे येतात आणि पाते आवळतात. म्हणून चिरेत पाचर ठोकायची. पंचतंत्रातले माकड हीच पाचर उपटायला गेले आणि मेले. सुतार जेवायला गेले असताना अर्धवट चिरलेल्या तुळईवर घडलेली ती गोष्ट आपण मुलांना आगाऊपणाविरुद्ध सांगतो. मुळात ती कारखान्यातल्या अपघाताची गोष्ट आहे.

पुढे दोन गोष्टींनी हे चित्र पालटले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ती कौले किनाऱ्याने वर आली. साच्यातल्या कौलाला ठरावीक अंतरावर एकसारख्या रिपा लागतात, आणि एकसारखी उभी चीर हे हाताला सर्वांत कंटाळवाणे काम. दुसरी गोष्ट गोल पात्याची. इंग्लंडमधील सॅम्युअल मिलरच्या १७७७ च्या पेटंटात त्याचा उल्लेख आहे. वाफेने आणि मग विजेने ते पाते जड झाले, एका जागी रुतले, आणि लाकूड करवतीकडे जाऊ लागले. लाकूड चिरण्याच्या गिरण्या आल्या. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये दिलेल्या आदेशांनंतर विनापरवाना गिरण्यांवर निर्बंध आले.

फिरती टेबल सॉ करवतीला पुन्हा खळ्यात आणते. ओंडका तिच्याने चिरत नाही, तो गिरणीतच जायचा. पण फळीच्या रिपा, चौकट, कपाटाचे प्लाय ही कामे ग्राहकाच्या दारात होतात. तिची खरी स्पर्धा दुसऱ्या कंपनीच्या टेबल सॉशी नाही. ती आहे प्लायच्या तुकड्याला उलटा बांधलेल्या मार्बल कटरशी. ११० मिलिमीटरचे पाते, मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे, वर झाकण नाही, मागे पाचर नाही. स्वस्तपणा त्याच्या बाजूने आहे, बाकी सारे विरुद्ध.

मग निवड कशी करावी? आधी मापे. दहा इंची पाते सुमारे ८० मिलिमीटर खोल कापते, सव्वाआठ इंची सुमारे ६५. चार बाय तीन इंचांची चौकट दहा इंचीवर एका चिरेत निघते, सव्वाआठवर निघत नाही. केवळ प्लाय आणि फळ्यांचे काम असेल, तर हलकी सव्वाआठ पुरे. १८०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टला सुमारे आठ अँपियर ओढते. घरातल्या पाच अँपियरच्या प्लगवर आणि बारीक लांब वायरीवर ते जोडू नये. खाऱ्या हवेत ओतीव लोखंडाच्या मेजापेक्षा अॅल्युमिनियमचे बरे. लाकूड टेकवायची पट्टी पात्याला शेवटपर्यंत समांतर राहते की नाही, हे दुकानातच मोजून घ्यावे.

या सर्वांहून वरचढ आहे ती पाचर. पात्यामागे उभे राहणारे, पात्याबरोबर वरखाली होणारे पोलादी पान, ज्याला 'रायव्हिंग नाइफ' म्हणतात, ते फळ्यांना आवळू देत नाही. नाहीतर पात्याची मागची बाजू लाकूड उचलून सुताराच्या अंगावर फेकते. कोकणातल्या पावसाळी लाकडात ही शक्यता अधिक. ज्या यंत्राला ते पान नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

अमेरिकेत स्टीफन गास यांनी १९९९ मध्ये बोटाचा स्पर्श ओळखून काही मिलिसेकंदांत पाते थांबवणारी युक्ती शोधली. पुढे त्यातून 'सॉस्टॉप' ही करवत निघाली. हाताला गंभीर इजा झालेल्या एका कामगाराला २०१० मध्ये तेथील ज्यूरीने दुसऱ्या एका निर्मात्याकडून पंधरा लाख डॉलर देवविले. अशी सोय यंत्रात नसणे हाच तक्रारीचा गाभा होता. परंतु ही युक्ती विद्युतवाहकतेवर चालते, आणि फार ओले लाकूडही वीज वाहते. त्यामुळे पाते विनाकारण थांबू शकते. तेव्हा आपल्या हवेत तिच्यावर विसंबण्याआधी लाकूड वाळवणे आले, आणि पाचर तर आलीच.

दोघांच्या करवतीत चीर आवळली की वरचा गडी पाचर हाती घेई. आज सुतार एकटा उभा असतो, आणि त्या दुसऱ्या माणसाचे काम ते पोलादी पान करते. अडचण होते म्हणून कामाच्या घाईत ते आणि झाकण काढून ठेवले जाते. पंचतंत्रातले माकड निदान अजाण तरी होते.