घाटातली उधारी

आमचा भाचा गेल्या वर्षी सार्डिनियाला जाऊन आला. सार्डिनिया हे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा डब्यातल्या माशाची ती एखादी जात असावी अशी माझी समजूत झाली. मग कळले की ते भूमध्य समुद्रातले एक बेट आहे, इटलीच्या मालकीचे, सिसिलीच्या खालोखाल मोठे. तिथे भाच्याने मोटारसायकल भाड्याने घेतली आणि आठ दिवस बेटावरचे डोंगर आणि किनारे पालथे घातले. परत आल्यावर त्याने आम्हाला चारशे फोटो दाखवले. दोनदा चहा झाला, एकदा पोहे झाले, तरी बेट संपेना.

"मामा, हा बघा दोरगाली ते बाउनेईचा रस्ता. डोंगराच्या कुशीतून जातो, खाली निळा समुद्र. हजार मीटरवर खिंड आहे. आणि वळणं तर अशी, की आपल्याच गाडीचा मागचा दिवा आपल्याला दिसावा! आपल्याकडे असलं काही नाही."

इथेच त्याचे चुकले. पुण्याचा माणूस आपल्याकडच्या प्रत्येक गोष्टीला नावे ठेवतो. पण तो हक्क त्याने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. परदेशातून आलेल्या भाच्याला तो देत नाही.

"अरे," मी म्हटले, "ज्या इटलीचं कौतुक तू मला सांगतोयस ना, तिथलं वाहन तुझ्या आजोबांनी जिन्याखाली वीस वर्षं पाळलं होतं!"

हे मी अगदीच हवेत बोललो नव्हतो. दुसऱ्या महायुद्धात पियाज्जिओ या इटालियन कंपनीचा विमानांचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. लढाई संपल्यावर विमाने कोण घेणार? तेव्हा मालकांनी कोरादिनो द'आस्कानिओ या आपल्या इंजिनिअरला सामान्य माणसाला परवडेल असे दोन चाकी वाहन करायला सांगितले. हा गृहस्थ हेलिकॉप्टरे करणारा. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. कपड्यांना तेल लागते, बसायला अवघड, आणि चाक पंक्चर झाले की जीव जातो. म्हणून त्याने इंजिन झाकले, पुढे पाय ठेवायला ऐसपैस जागा केली, विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले आणि १९४६ साली व्हेस्पा जन्माला आली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. मोटारसायकलचा तिटकारा असलेल्या माणसाने अर्ध्या जगाला दुचाकीवर बसवले, हा मोठाच विनोद म्हणायचा.

ही गांधीलमाशी पुढे परवान्यावर आपल्याकडे आली. १९६० च्या सुमारास बजाजने ती करायला घेतली, १९७१ मध्ये इटलीशी झालेला करार संपला आणि १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून तीच माशी 'चेतक' हे राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव लावून बाहेर पडू लागली. माशीचा घोडा झाला, पण आवाज माशीचाच राहिला. त्या काळात कारखान्याने किती गाड्या कराव्यात हे सरकार ठरवी आणि किती हव्यात हे जनता ठरवी, त्यामुळे मधल्या फरकाला 'नंबर' असे म्हणत. नंबर लावून माणसे वर्षानुवर्षे थांबत. मुलीच्या बारशाला नोंदवलेली स्कूटर तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मिळाली, असे किस्से घरोघरी होते. आमच्या बाबांचा नंबर मी पहिलीत असताना लागला. त्या दिवशी आईने स्कूटरला कुंकू लावले, हार घातला आणि बाबांना औक्षण करायला विसरली.

१९८६ च्या मे महिन्यात बाबांनी जाहीर केले, की आपण स्कूटरवरून अलिबागला जायचे. पुणे, लोणावळा, खंडाळ्याचा घाट, खोपोली, पेण, मग कार्लेखिंड आणि समुद्र. डोंगर आणि किनारा असा हा आमचा सार्डिनिया. मी पुढे हँडल धरून उभा, मधे बाबा, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दशम्या आणि चटणी, आणि डिकीत बाबांचा स्पॅनर. हेल्मेट फक्त बाबांना होते. कुटुंबाचे डोके तेच, असा तेव्हाचा हिशेब होता.

खंडाळा ओलांडून घाट सुरू झाला आणि बाबांनी इंजिन बंद केले.

"अहो, गाडी बंद पडली!" आई ओरडली.

"पडली नाही, पाडली," बाबा म्हणाले. "उताराला पेट्रोल कशाला जाळायचं? उतार काय फुकट मिळतो."

ही काटकसर किती धोक्याची होती ते मला आता कळते. तेव्हा मात्र नुसता वारा, डावीकडची दरी आणि आईचे रामनाम एवढेच ऐकू येत होते. एका वळणावर एक लहानसे देऊळ लागले. पुढच्या ट्रकमधून एक हात बाहेर आला आणि त्याने देवळाकडे नाणे फेकले. मागच्या एस.टी.तूनही दोनचार नाणी खणखणली.

"बाबा, आपण पण टाकूया?"

"शिंगरोबा आहे तो. ट्रकवाले टाकतात," बाबा म्हणाले. बाबा नास्तिक नव्हते, पण चालत्या गाडीतून पैसे फेकणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. चार आणे वाचले.

अलिबागला समुद्रात डुंबलो, ओहोटी पाहून कुलाबा किल्ल्यात चालत गेलो आणि भरतीच्या भीतीने चालत गेल्यापेक्षा बरेच जोरात परत आलो. तिसऱ्या दिवशी निघालो. येताना घाटाचा चढ, तीन माणसे, सुकटीचे गाठोडे. अर्ध्या घाटात स्कूटरने दोन आचके दिले आणि ती थांबली. बाबांनी कॉक रिझर्व्हला फिरवायला हात घातला, तर तो पेणपासूनच रिझर्व्हला होता. उताराला वाचवलेले सगळे पेट्रोल चढाला संपले होते. तरीही बाबांनी रीतीप्रमाणे स्कूटर वाकडी केली, पुन्हा सरळ केली, किका मारल्या, प्लग काढून पुसला. रिकाम्या टाकीचा प्लग पुसणारा माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

ऊन उतरत चालले होते. तेवढ्यात मागून दुसरी स्कूटर आली. चालवणारा माणूस उतरला, काही न विचारता त्याने नळी आणि बाटली काढली आणि आपल्या टाकीतले बाटलीभर पेट्रोल, त्यात ऑइल आधीच मिसळलेले, आमच्या टाकीत ओतले. बाबांनी पाकीट काढले. तो म्हणाला, "मला नको साहेब. शिंगरोबाला टाका." आणि निघून गेला. त्याचे नाव विचारायचेही राहिले.

शिंगरोबाचे देऊळ आले. बाबांनी स्कूटर थांबवली, उतरून गेले आणि चार आणे नाही, चांगला एक रुपया ठेवून आले.

"बाबा, नवस केलात?"

"नवस नाही रे. उधारी आहे," बाबा म्हणाले.

हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. मी कॉमर्सला गेलो आणि पुढे बँकेत चिकटलो त्याला कदाचित तोच कारण असेल. खाते कोणाच्या नावे आहे हे पाहण्याची मला नोकरीमुळे खोडच लागली आहे. त्या खोडीने मी एकदा या घाटाची खातेवही उघडून बसलो.

तिचे पहिले पान घाटाच्या डोक्यावर, कार्ल्याच्या लेण्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरचा माल याच डोंगरवाटांनी देशावर चढे. त्यात भूमध्य समुद्राकडून आलेला मालही असे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात तर त्या लोकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, काशाची मूर्ती सापडली आहे. म्हणजे भाच्याच्या आधी दोन हजार वर्षे तिकडचा देवच आपला घाट चढून आला होता. कार्ल्याच्या खांबांवर देणगी देणाऱ्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची बरीच आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी तर, हे जंबुद्वीपातले सर्वांत उत्तम लेणे मी करवले, असे ठणकावून सांगतो. श्रेष्ठी म्हणजे सावकार, अर्थात आमच्याच खात्यातला. जाहिरातीचे वळण तेव्हाचेच. पण मला भावला तो स्वामी नावाचा सुतार. दरवाजाचे काम आपण केल्याची नोंद त्याच्या नावाने, बापाच्या नावासकट, दगडावर आहे. पैसे देणारा आणि हात चालवणारा, दोघांची नावे एकाच वहीत. आमच्या बँकेत हे अजून जमलेले नाही.

त्यानंतरची पाने कोरी होत जातात. गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० ला खुला झाला आणि नाव लागले गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे. रस्त्यावरचा तेव्हाचा दगडी पूल पुढे तिथल्या जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' झाला. गव्हर्नरसाहेबांच्या कामगिरीला लोकांनी डोकेदुखीच्या मलमाचे नाव द्यावे, यात काही खोडसाळपणा नव्हता. समोर दिसते ते नाव आपण घेतो. तो पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता मोकळा असताना, सुरुंग लावून पाडला.

मग आगगाडी. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस खचली नाही. तिने काम पुढे नेले आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली. १८६१ मध्ये तिथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांच्यातले किती तरी गेले. ट्रेडवेलबाईंचे नाव सापडते. या माणसांचे एकही नाव सापडत नाही.

आणि शिंगरोबा? लोक सांगतात ते असे, की साहेबाला घाटातून वाट काही सापडेना. तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, कारण त्याच्या शेळ्यामेंढ्यांच्या पायांखालची ती रोजची होती. साहेब खूश झाला, बक्षीस माग म्हणाला. धनगर म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. साहेबाने त्याला गोळी घातली.

सरकारी कागदावर हे नसेल. ज्याने गोळी घातली तो पावती कशाला ठेवील? ही नोंद जाणाऱ्यायेणाऱ्यांनी ठेवली, चार-चार आण्यांनी. मुद्दल कधी फिटणार नाही हे ठाऊक असून पिढ्यान् पिढ्या व्याज भरणारे असे खाते माझ्या उभ्या नोकरीत मी दुसरे पाहिलेले नाही.

असो. हे सगळे मी भाच्याला ऐकवले. तो म्हणाला, "मामा, मग चला ना, जाऊच." पुढच्या रविवारी आम्ही निघालो. दुचाकीला द्रुतगती महामार्गावर मज्जाव असल्यामुळे जुन्या रस्त्यानेच जावे लागते, आणि ते बरेच आहे. भाच्याची मोटारसायकल, भाच्याचे दस्ताने, भाच्याचे जाकीट. मागच्या सीटवर मी, माझे हेल्मेट आणि माझी पाठदुखी. घाटात त्याने गाडी अशी काही आडवी घातली, की मी आईचे रामनाम जिथे सोडले होते तिथून पुढे सुरू केले.

शिंगरोबापाशी तो थांबला. खाली उतरून देवळाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला.

"मामा, क्यूआर कोड कुठे आहे?"

मला तरी तो कुठे दिसला नाही. मी खिशात हात घातला. बँकेतल्या माणसाच्या खिशात सुटे पैसे असतात, हा आमच्या धंद्यात टिकलेला शेवटचा फायदा. पाच रुपयांची दोन नाणी निघाली. एक मी त्याच्या हातात दिले.

"हे उसने आहेत हं," मी म्हटले.

"कोणाला परत करायचे? तुम्हाला?"

मला एकदम ती नळी आणि ती बाटली आठवली. "नाही," मी म्हटले. "पुढे कधी कोणी घाटात अडकलेला दिसला, तर त्याला."

त्याने नाणे ठेवले, हात जोडले आणि किल्ली फिरवण्याआधी पेट्रोलचा काटा नीट पाहून घेतला. आजोबांचे काही तरी त्याच्यात उतरले आहे म्हणायचे. उतार सुरू झाला. मी पुढे वाकून ऐकले. इंजिन चालू होते. मग मी डोळे मिटले.