बावखलाचा कायदा

पावसाचं पाणी साठवायचा कायदा आमच्या बोळिंजात सरकारच्या आधीपासून होता. फक्त तो कुठं लिहिलेला नव्हता. वाडी म्हटली की बावखल आलंच. बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागात खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. कौलांच्या पागोळ्या, अंगण, वाडी, सगळ्याचं पाणी उतारानं त्यात जायचं. आजा सांगायचा, शेजाऱ्याच्या पाण्याची वाट अडवायची नाही आणि उन्हाळ्यात गाळ काढायला चुकायचं नाही. तो गाळ केळीच्या बुंध्याशी पडायचा.

बावखलावर रहाट असे. बैल फिरला की लोट्यांतलं पाणी पाटात, पाटातून केळीला, पानवेलीला, भाजीला. पुढं इंजिनं आली, मग विजेचे पंप. पण बावखलाचं मोठं काम डोळ्यांना दिसत नसे. साठलेलं पाणी मुरायचं, म्हणून आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. आमच्या पश्चिमेला समुद्र. जमिनीच्या पोटात गोडं पाणी भरलेलं असलं की खारं पाणी बाहेर राहतं. उपसा वाढला, मुरणं कमी झालं, की खारं आत सरकतं.

ऐंशीच्या दशकात वसईच्या विहिरींचं पाणी टँकरनं बाहेर जायला लागलं, तेव्हा लोक उठले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ झाली. 1990 मध्ये सिडकोकडं नियोजन आलं, इमारती वाढल्या. बावखल म्हणजे डासांची, पडीक जागा, असं लोकांना वाटायला लागलं. डंपर आले, भराव पडला. 3 जुलै 2009 ला महानगरपालिका झाली. बोळिंजात म्हाडाची मोठी वसाहत उभी राहिली. आता शहराचं बरंचसं पाणी लांबून, सूर्या धरणातून येतं.

आता लिहिलेला कायदाही आहे. डिसेंबर 2020 च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम करताना पाऊसपाणी साठवायची वा मुरवायची सोय करावीच लागते. एक प्रकार असा, की किमान 1 मीटर व्यासाची, 6 मीटर खोल विहीर, आणि पाणी गाळून तिच्यात सोडायचं. सोय नीट ठेवली नाही तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागं वर्षाला 1000 रुपयांपर्यंत आकार लावता येतो.

नियम चांगलाच आहे. पण गंमत बघा, आधी तळं बुजवायचं आणि मग त्याच जागी मीटरभर रुंदीचा खड्डा खणायचा! नियम भूखंड मोजतो, पाण्याची वाट मोजत नाही. वरच्या अंगाला भराव पडला की खालची वाडी तुंबते, आणि मार्चमध्ये तीच वाडी तहानलेली.

छोट्या घरावर सक्ती नाही, म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही. 100 चौरस मीटर छपरावर 2000 मिलिमीटर पाऊस पडला तर 2 लाख लिटर पाणी होतं. आमच्याकडं चांगल्या वर्षी एवढा पाऊस पडतोच. गळती-उडती वजा जाता दीड लाख लिटर तरी पन्हळीतून विहिरीत सोडता येईल. पहिल्या सरींचं धुवण मात्र बाहेर काढायचं.

आणि ज्यांच्या वाडीत अजून बावखल आहे, त्यांनी ते बुजवू नये. त्याचा गाळ काढावा. नवं काही खणण्याआधी जे खणलेलं आहे ते राखणं, हा जुन्या कायद्यातला नियम नव्या कायद्यातही यायला पाहिजे.