ओटी, माजघर आणि हॉल : आपल्या घरांच्या बदलत्या खोल्या



मी डॉक्टर आहे, इतिहासकार नव्हे. तरीही मंडळाने या वर्षीच्या व्याख्यानासाठी मला बोलावले, तेव्हा जे मी पस्तीस वर्षे जवळून पाहिले त्यावरच बोलावे असे ठरवले. ते म्हणजे आपली घरे. होमिओपॅथीत रोग्याला बारीकसारीक प्रश्न विचारावे लागतात : खिडकी उघडी लागते की बंद, कोणत्या कुशीवर झोप येते, पहाटेच्या गारठ्याने खोकला वाढतो का. उत्तरे रोग्याची असतात, पण त्यांतून घराचीही हकीकत कळते.

जोयडा तालुक्यातील जुन्या घराची मांडणी आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. अंगण, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. या खोल्यांना नावे होती, पण एका खोलीला एकच काम नव्हते. ओटीवर पाहुणा बसे, रात्री तेथेच पुरुषमंडळी झोपत आणि सुगीत भाताची पोतीही तेथेच येऊन पडत. माजघरात धान्याची कणगी, बायकांची अंथरुणे आणि बाळंतिणीची बाज. चार महिन्यांच्या मुसळधार पावसाने मातीच्या भिंती ढासळू नयेत म्हणून छप्पर उतरते आणि वळचण खाली आणलेली असे. म्हणून घर कोरडे राही आणि त्याच कारणाने अंधारेही राही. जुने घर बरे म्हणताना हा अंधार आणि चुलीचा धूर विसरू नये. त्या धुरात आयुष्य काढलेल्या कित्येक आजींची छाती मी तपासली आहे.

पहिला मोठा बदल डोक्यावरून आला. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. गवती शाकार दरवर्षी नव्याने घालावा लागे, नळीची कौले माकडांनी विस्कटली की परतावी लागत. मंगळुरी कौल एकात एक अडकून बसे. त्यासाठी रिपा सारख्या अंतरावर हव्यात, म्हणून सुताराचे मोजमाप काटेकोर झाले. पुढे त्याच आकाराचे काचेचे कौल मिळू लागले आणि माजघरात प्रथमच दुपारचा उजेड पडला. भिंत न पाडता, खांब न हलवता केलेली ही सुधारणा आहे. आजच्या कोणाही इंटिरियर डिझायनरने तिच्यापासून शिकावे.

दुसरा बदल रोगाने घडवला. आपला जिल्हा 1862 पासून 1956 पर्यंत मुंबईशी जोडलेला होता, त्यामुळे तिकडचे विचार इकडे येत. मुंबईत 1896 साली प्लेग आला. 1898 मध्ये सुधारणा करण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतील खोलीत उजेड पोहोचावा म्हणून ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला : समोरच्या इमारतीने त्या कोनापलीकडचे आकाश झाकू नये. खोली कशी असावी हा प्रश्न तेव्हापासून आरोग्याचाही झाला.

पुढे पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी स्वस्त आणि निरोगी घरांवर पुस्तके लिहिली. वाडे बांधण्याची ऐपत नसलेल्या नोकरदारालाही घराचा नकाशा असू शकतो, हे त्यांनी दाखवले. 1937 साली भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले. खोली सजवणे हे स्वतंत्र काम आहे, ही कल्पना अशा वाटेने मराठी घरांत आली. आपल्याकडे ती उशिरा पोहोचली. मुंबईच्या नातेवाइकांकडून, बेळगावच्या नव्या वसाहतींतून ‘हॉल’, ‘बेडरूम’ आणि ‘किचन’ हे शब्द आले. शब्दांबरोबर भिंती आल्या. ओटीचा हॉल झाला, हॉलला दार बसले आणि रस्त्याने जाणारा शेजारी ओटीवर टेकेनासा झाला.

तिसरा बदल आपलाच, आणि तो सर्वांत दुखरा. काळी नदीवर सुपा येथे 101 मीटर उंचीचे धरण 1987 साली पूर्ण झाले. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले होते, ते सुपा पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि कित्येक कुटुंबे रामनगरात वसली. इतरांच्या घरांत बदल खोली-खोलीने झाला. त्यांच्या बाबतीत सबंध घरच एकदम बदलले. भूखंड ठरावीक मापाचा, त्यात अंगण, परसू, गोठा बसेना. लोकांनी सोबत आणता येईल ते आणले.

रामनगरातील एका आजींकडे मी पुष्कळ वर्षे जात असे. त्यांनी सुप्याहून घराचे मुख्य दार चौकटीसह आणले होते. नव्या घराच्या भिंतीला ते मोठे पडले, म्हणून भिंत त्या जागी वाढवावी लागली. अलीकडे नातवाने घर नवे करायला घेतले. डिझायनर म्हणाला, हे दार काढू, सगळे एकसारखे होईल. आजी काही बोलल्या नाहीत. दाराशेजारी पाट घेऊन बसल्या. नातवाने मला बोलावले, आजींना समजवा म्हणून. मी समजावले ते वेगळेच. दोन महिन्यांपूर्वी त्या याच दाराच्या उंच उंबऱ्याला अडखळून पडल्या होत्या. मी म्हटले, आजी, दार राहू द्या, उंबरा मात्र जमिनीसपाट करू. त्यांना ते जड गेले, कारण उंबऱ्यावर त्या रोज हळदकुंकू वाहत. शेवटी म्हणाल्या, “हळदकुंकू चौकटीला वाहीन.” दार हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आले. त्यांच्या पश्चात आजही ते तेथे आहे.

दुसऱ्याच्या घरी शहाणपण सुचते. माझ्या स्वतःच्या घरात मात्र मी चुकलो. आम्ही जैन, सूर्यास्तापूर्वी जेवणारे. वडिलांनी स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला मोठी ठेवली होती. संध्याकाळच्या उजेडात धान्य निवडता यावे आणि पाणी गाळता यावे हा त्यामागचा हेतू. मी नवा ओटा घातला आणि भांड्यांच्या कपाटासाठी ती खिडकी बुजवली. स्वयंपाकघर चित्रासारखे दिसू लागले. पहिल्याच पावसाळ्यात पत्नीला साडेचार वाजता दिवा लावावा लागला. तिने मला एवढेच विचारले, “खिडकी कशासाठी होती, ते विचारलं होतं का कुणाला?” पुढच्या उन्हाळ्यात कपाट काढून खिडकी पुन्हा उघडली. तो खर्च म्हणजे माझी फी समजतो.

या साऱ्यातून मला एवढे कळते, की आपले घर कधीच एका रूपात थांबलेले नव्हते. पाऊस, कौल, प्लेग, धरण यांनी ते बदलले. प्रत्येक वेळी बदलामागे एखादी गरज होती, आणि धरणाच्या वेळी सक्ती. म्हणून नव्या बदलाला माझा विरोध नाही. आत आलेली न्हाणी आणि शौचालय यांनी म्हाताऱ्यांचे व बाळंतिणींचे हाल कमी केले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घर बदलणाऱ्याने आमच्यासारखीच आधी विचारपूस करावी, एवढेच म्हणणे आहे. येथे कोण झोपते? रात्री कोण उठते? चुलीशी कोण किती वेळ उभे असते? ओटीवर येऊन कोण बसे, आणि आता तो कोठे बसेल?

मंडळालाही एक विनंती करतो. आपल्यापैकी ज्यांचे घर पाडायचे वा नवे करायचे ठरले असेल, त्यांनी कामगार येण्यापूर्वी एक दिवस काढावा. खोल्यांची मापे घ्यावीत, साधा नकाशा काढावा आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला प्रत्येक खोलीचे, कोनाड्याचे, खुंटीचे नाव व काम विचारून लिहून ठेवावे. एक प्रत मंडळाच्या कपाटात द्यावी. सुप्यातील घरांचे नकाशे त्या वेळी कोणी असे काढून घेतले असते, तर आजींनी दाराभोवतीचे घर मला नुसत्या हाताने हवेत काढून दाखवले नसते. उरलेल्या घरांच्या बाबतीत तरी ही चूक आपण करू नये.