ओल व बुरशी, गृहसाठवणीतील

कोठीची खोली, माळा, फडताळ, भिंतीतले कपाट, दिवाणाखालचा खण, पेटारे व ट्रंका अशा साठवणीच्या जागांत हवेतील बाष्पामुळे अथवा भिंतीजमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे ओल शिरते, आणि तिच्यावर बुरशी पोसली जाऊन धान्य, वस्त्रे, कागद, चामडे व लाकूड यांचा नाश होतो. महाराष्ट्रात हा उपद्रव जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. जेथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो त्या कोकणपट्टीत आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तो विशेष तीव्र असतो. देशावर मात्र संततधारेच्या दिवसांपुरताच जाणवतो.

कारणे : ओल घरात तीन वाटांनी येते. फुटक्या कौलांतून वा गच्चीच्या भेगांतून ती वरून उतरते. जांभा, वीट व चुना हे पदार्थ सच्छिद्र असल्यामुळे पायातले पाणी केशाकर्षणाने भिंतीत वर चढते आणि पोपडे व लोणा यांच्या रूपाने हात-दोन हात उंचीपर्यंत दिसू लागते. तिसरी वाट हवेची, आणि डोळ्यांना न दिसणारी असल्यामुळे तीच अधिक फसवी होय. २८° से. तापमानाची व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची श्रावणातली हवा प्रत्येक घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प वाहून आणते. २५° तापमानाच्या थंड भिंतीला ती टेकली की तेवढेच बाष्प तिला संपृक्त करण्यास पुरते, आणि छपर गळत नसताही कपाटाची पाठ ओलावते. म्हणूनच बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटात बुरशी प्रथम मागच्या फळीवर आणि खालच्या कोपऱ्यात उगवते.

बुरशीची वाढ : ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम इत्यादी कवकांचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात व त्यांना घरातून हद्दपार करणे कोणालाही शक्य नाही. सुती साडीची खळ, पुस्तकाच्या बांधणीतली चिकी, डब्याच्या कडेला राहिलेली पिठाची कणी, एवढे अन्न त्यांना पुरते. तेव्हा गृहस्थाच्या हाती नियमनासाठी उरते ते केवळ पाणी. वस्तूच्या पृष्ठभागाजवळची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर रेंगाळली म्हणजे बुरशीला वाव मिळतो. शुद्ध मिठाला सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर पाणी सुटते, आणि जाड्या मिठाला त्यातील मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे त्याहून आधी. त्यामुळे बरणीतले मीठ पाझरू लागणे ही कोठीतला जिन्नस सादळण्याची विश्वासार्ह पूर्वसूचना मानावी.

जुनी वहिवाट : आगोटीची बेगमी वैशाखातल्या उन्हात पुरी करावयाची, हा कोकणातला दंडक अनुभवसिद्ध आहे. धान्य दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवीत. आजच्या परिमाणात हे म्हणजे दाण्यातील पाण्याचा अंश १२ टक्क्यांच्या आसपास आणणे होय. शेणामातीने लिंपलेली कणगी भुईला न टेकवता उंच बैठकीवर ठेवीत. पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत, ज्यांतून हवा खेळती राही. बियाण्याची कणसे व लसणाच्या जुड्या चुलीवरच्या माळ्याला टांगीत, कारण चुलीची ऊब व धूर त्यांना चातुर्मासभर कोरड्या राखीत. चूल गेली तशी घरातली ही कायमची ऊबही गेली, आणि तिच्या जागी कोणतीही तजवीज न झाल्यामुळे पक्क्या बांधणीच्या सदनिकांतही फडताळे कुबट होतात.

प्रतिबंध : मृगापूर्वी कौले शाकारणे, पन्हळी साफ करणे व गच्चीच्या भेगा बुजवणे हा पहिला बंदोबस्त होय. नव्या बांधकामात जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर अवश्य घालावा. जुन्या चुनेगच्ची भिंतीवर मात्र सिमेंटचा गिलावा चढवू नये, कारण त्यामुळे आतली ओल कोंडून राहते. साठवावयाची वस्तू पूर्ण कोरडी असावी, इतकेच नव्हे तर निवलेलीही असावी : उन्हातून आणलेले गहू वा पापड गरम असतानाच डब्यात भरले, तर त्यांची वाफ झाकणाच्या आतल्या अंगावर थेंबरूपाने जमते आणि वरचाच थर प्रथम नासतो. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर व जमिनीपासून फळीवर उचलून ठेवावे, आणि त्यात सामान कोंबून भरू नये. पाऊस कोसळत असताना दारे सताड उघडणे म्हणजे ओलीला आमंत्रण देणे. उघडीप पडून स्वच्छ ऊन आले की दुपारी दारे उघडावीत व पंखा लावावा.

आर्द्रताशोषकांचा उपयोग घट्ट मिटणाऱ्या पेटीतच होतो. एक किलो कळीचा चुना सुमारे ३२० ग्रॅम पाणी शोषून भुकटी होतो. त्या वेळी तो तापतो व फुगतो, म्हणून तो चिनी मातीच्या भांड्यात अर्ध्यापर्यंतच भरावा आणि कापडापासून व मुलांच्या हातांपासून दूर ठेवावा. सिलिका जेल तापवून पुनःपुन्हा वापरता येते. वेखंड, कडुनिंबाचा पाला व डांबरगोळ्या कसर व किडे यांना अटकाव करतात, परंतु ओल शोषीत नाहीत. हा भेद न जाणल्यामुळे अनेक घरांतील जरीची वस्त्रे खराब होतात.

बुरशी आल्यास : वस्तू घराबाहेर उन्हात नेऊन, नाकातोंडावर फडके बांधून साफ करावी, लाकूड साबणाच्या पाण्याने पुसून कडकडीत वाळवावे. बुरशीवर नुसता रंग मारल्याने ती हटत नाही. ओलसर घरांचा दमा व श्वसनविकारांशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केला आहे.

अन्नधान्याच्या बाबतीत मात्र काटकसरीला थारा देऊ नये. शेंगदाणे व मका यांवर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृतघातक विष निर्माण करते. १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमाभागात बुरसटलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली. हे विष धुतल्याने, भाजल्याने वा शिजविल्याने पुरते नाहीसे होत नाही. म्हणून बुरसटलेले दाणे निवडून उरलेले वापरण्याच्या मोहात न पडता, ते माणसांना वा गुरांनाही न घालता टाकून द्यावेत.